वाचक विचारतात : भुताला नियम कशासाठी?

वेब कादंबऱ्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच प्रकारच्या कथानकाबद्दल आहेत. काही अनोळखी माणसे एकाएकी एखाद्या झपाटलेल्या, बंद जागेत ओढली जातात; तिथले कोडे ठरावीक मुदतीत सुटले तर ती जिवंत बाहेर पडतात, आणि न सुटल्यास तिथला मृत्यू बाहेरच्या जगातही खराच ठरतो. त्या पत्रांतील प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे येथे देत आहे. कादंबऱ्यांची नावे घेतलेली नाहीत, कारण कोणत्या खोलीत काय दडले आहे हे आधीच सांगितले तर अशा कादंबरीत वाचण्यासारखे फारसे काही उरत नाही.

प्रश्न : हा प्रकार मूळचा कुठला? आमच्या घरात एक पक्ष तो चिनी असल्याचे सांगतो, तर दुसरा जपानी असल्याचे.

दोन्ही पक्षांकडे आपापला पुरावा आहे. बंद खोलीतून वस्तू शोधून बाहेर पडण्याचा खेळ संगणकावर लोकप्रिय झाला तो प्रामुख्याने तोशिमित्सु ताकागी या जपानी निर्मात्याच्या २००४ मधील एका छोट्या ऑनलाइन खेळामुळे. पुढे २००७ मध्ये क्योतो शहरात ताकाओ कातो यांनी तोच खेळ खऱ्या जागेत, खऱ्या माणसांना घेऊन भरवला आणि 'एस्केप रूम' हा करमणुकीचा व्यवसाय तेथून जगभर पसरला. कोंडून ठेवलेल्या माणसांना एकमेकांच्या जिवावर उठवणारी कथाही जपानमध्ये नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चांगली रुजलेली होती.

चीनचा वाटा मात्र वेगळा आणि या कादंबऱ्यांच्या दृष्टीने अधिक निर्णायक आहे. 'छीदियन' या चिनी साहित्यविषयक संकेतस्थळावर २००७ मध्येच एक दीर्घ कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिच्यातील माणसांना एकामागून एक भयपटांच्या कथानकांत टाकले जाई, जीव वाचल्यास गुण मिळत आणि त्या गुणांच्या बदल्यात शस्त्रे किंवा शक्ती घेता येत. जग बदलत राहते, पात्रे आणि खेळ तोच राहतो, हा साचा इतका सोयीचा ठरला की त्यावर आधारलेल्या कादंबऱ्यांचा एक स्वतंत्र वर्गच तयार झाला आणि चिनी वाचक त्याला 'अनंत प्रवाह' अशा अर्थाच्या नावाने ओळखू लागले. आरंभीच्या कादंबऱ्यांत भर लढाईवर होता. पुढे, विशेषतः जिथे स्त्री वाचकांची आणि लेखिकांची संख्या मोठी आहे अशा 'जिनजियांग'सारख्या संकेतस्थळांवर, गुण आणि शस्त्रे मागे पडली. कोडे, लोककथेतील भूत आणि दोन खेळाडूंमधील हळूहळू वाढणारा विश्वास यांना महत्त्व आले. तुम्ही पत्रात ज्या कादंबरीचा उल्लेख केला आहे ती या दुसऱ्या शाखेतील आहे आणि माझ्या मते हीच शाखा अधिक वाचनीय आहे.

प्रश्न : या कादंबऱ्यांतील प्रत्येक भूत कुठला ना कुठला नियम पाळते. अमुक केले तरच ते मारणार, तमुक केले तर हात लावणार नाही. नियमाने वागणाऱ्या भुताची भीती ती काय वाटणार?

हा प्रश्न अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

आधी एवढे लक्षात घ्यावे की भुतांनी नियम पाळणे ही काही वेब कादंबरीची नवलाई नाही. चिनी लोककथांतील, आणि विशेषतः हाँगकाँगच्या चित्रपटांतील, ताठ अंगाने उड्या मारत येणारे प्रेत माणसाला श्वासावरून ओळखते. श्वास रोखून धरला तर ते शेजारून निघून जाते. जपानमध्ये १९७९ साली, ओठांच्या कडेपासून कानापर्यंत तोंड फाटलेल्या बाईची अफवा शाळकरी मुलांमध्ये देशभर पसरली होती. ती मुलांना थांबवून 'मी सुंदर आहे का?' असे विचारते. नाही म्हटले तरी जीव जातो आणि हो म्हटले तरी सुटका होत नाही, म्हणून 'ठीकठाक आहेस' असे काहीतरी मोघम उत्तर देऊन ती गोंधळते तेवढ्यात पळ काढायचा, असा तोडगाही त्या अफवेबरोबरच फिरत होता. आपला वेताळ तर या बाबतीत सर्वांच्या वरचढ आहे. राजाने तोंड उघडले तर प्रेत पुन्हा झाडावर जाऊन लटकणार, आणि उत्तर ठाऊक असूनही तो गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होणार. इतका घट्ट आवळलेला नियम आजच्या कादंबऱ्यांतही क्वचितच सापडतो.

वाटेल तेव्हा, वाटेल त्याला मारणारे भूत वाचकाला पहिली दहा पाने दचकवते. त्यानंतर वाचकाला करण्यासारखे काहीच उरत नाही, कारण पात्रांनी काहीही केले तरी परिणाम तोच होणार असतो. नियम आला की परिस्थिती पालटते. मागे वळून पाहणे, हाकेला ओ देणे, ताटाभोवती बसलेली माणसे मोजणे, या रोजच्या साध्या कृतींपैकी नेमकी कोणती जीवघेणी आहे हे कळेनासे होते आणि भीती भुताकडून सरकून खेळाडूच्या स्वतःच्या हातापायांत येऊन बसते. शिवाय नियम असला की मृत्यूला कारण मिळते. एखादे पात्र मेले तर वाचक मागची पाने उलटून पाहतो, त्याने कुठे चूक केली ते शोधतो, आणि ती चूक आपणही केली असती असे आढळले की खऱ्या अर्थाने घाबरतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका जुन्या वसतिगृहात सहा खेळाडू अडकले आहेत आणि भिंतीवर एकच सूचना आहे : दिवे मालवल्यानंतर दारावर थाप पडली तर उत्तर देऊ नये. पहिल्या रात्री खोलीच्या दारावर थाप पडते, सगळे गप्प राहतात, सगळे वाचतात. दुसऱ्या रात्री थाप पडते ती कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने. एकजण दचकून 'कोण आहे?' असे विचारतो आणि सकाळी त्याची खाट रिकामी असते. सूचनेत 'दार' एवढेच म्हटले होते, कोणते दार ते प्रत्येकाने आपल्या मनाने ठरवले होते. तिसऱ्या रात्री पुन्हा खोलीच्याच दारावर थाप पडते, आणि बाहेरून हाक येते ती पाण्यासाठी गेलेल्या आणि परत न आलेल्या सहकाऱ्याच्या आवाजात. आता तोच नियम, एक अक्षरही न बदलता, बुद्धीची परीक्षा न राहता माणुसकीची परीक्षा झाला आहे. ज्या लेखकाला एकाच नियमाची अशी तीन वळणे सुचतात त्याला नवनवी भुते आणण्याची गरज पडत नाही. ज्याला सुचत नाहीत तो प्रत्येक प्रकरणात नवा राक्षस उभा करतो, आणि तुमचा आक्षेप बहुधा अशाच कादंबऱ्या वाचून निर्माण झाला असावा.

येथे रहस्यकथेचा एक जुना दाखला उपयोगी पडतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः रहस्यकथाही लिहीत असे, १९२९ मध्ये रहस्यकथाकारांसाठी दहा आज्ञा लिहिल्या. कथेत कोणतीही अलौकिक शक्ती येता कामा नये, ही त्यांतील दुसरी आज्ञा. आणि गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा तत्काळ वाचकापुढेही ठेवला पाहिजे, ही आठवी. सुटकेच्या खेळाची चांगली कादंबरी दुसरी आज्ञा उघडपणे मोडते, पण आठवी मात्र काटेकोरपणे पाळते. भूत खरे असले तरी चालते, पण ते कशाने चाळवले जाते याची खूण नायकाला दिसण्याच्या वेळीच वाचकाला दिसली पाहिजे. हे पथ्य पाळले नाही तर नायकाची हुशारी ही लेखकाने त्याच्या कानात सांगितलेली गोष्ट वाटू लागते.

चीनमध्ये २०२१ पासून तर निव्वळ सूचनांच्या यादीतूनच भयकथा लिहिण्याची लाट आली. एखाद्या प्राणिसंग्रहालयाची प्रेक्षकांसाठीची नियमावली, तिच्याशी विसंगत अशी कर्मचाऱ्यांची नियमावली, आणि दोहोंपैकी कोणती माणसांनी लिहिली आहे हे वाचकाने ओळखायचे. पात्रे नाहीत, संवाद नाहीत. या लाटेनंतरच्या कादंबऱ्यांत खोट्या नियमांचे प्रमाण वाढले. त्यामुळे काही काळ मजा आली हे खरे, पण सगळेच नियम खोटे निघू शकतात असे झाले की वाचक पुन्हा विचार करणे सोडून देतो. खोटा नियम खोटा असल्याची खूण त्याच नियमात असली पाहिजे, एवढी अट तरी लेखकांनी पाळावी.

प्रश्न : नायक शेवटपर्यंत जगणार हे पहिल्या पानापासून माहीत असते. मग उत्कंठा कशाची?

त्याच्याबरोबर कोण जगणार याची, आणि जगण्यासाठी त्याला काय द्यावे लागणार याची. चांगल्या कादंबरीत एका फेरीतील जखम, शपथ किंवा अपराधाची भावना पुढच्या फेरीत बरोबर येते. फेरी संपताच सर्व काही पूर्ववत होत असेल, तर तुमची तक्रार रास्त आहे आणि ती कादंबरी अर्ध्यावर सोडून देण्यास हरकत नाही.

प्रश्न : या कादंबऱ्यांतील खेळाडू एकमेकांचा इतका विश्वासघात का करतात? संकटात माणसे एकत्र येतात असा आपला अनुभव आहे. लेखकांना माणसांविषयी इतका अविश्वास का वाटतो?

लेखकांच्या स्वभावापेक्षा खेळाच्या रचनेत याचे उत्तर अधिक सापडते. १९५० मध्ये अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर या गणितज्ञांनी एक खेळ मांडला, आणि त्याला अल्बर्ट टकर यांनी दोन कैद्यांची गोष्ट जोडली. दोघांनी एकमेकांना साथ दिली तर दोघांनाही सौम्य शिक्षा होते. पण समोरचा काहीही करो, त्याच्याविरुद्ध साक्ष देणे हेच प्रत्येकाला स्वतंत्रपणे फायद्याचे दिसते. त्यामुळे दोघेही साक्ष देतात आणि दोघेही अधिक शिक्षा भोगतात. ज्या फेरीतील अनोळखी माणसे पुन्हा कधीच भेटणार नाहीत, तिथे पात्रे नेमकी या कैद्यांसारखी वागतात. 'एकजण मेल्यावर त्या दिवसापुरते भूत थांबते' असा नियम लेखकाने घातला की विश्वासघाताचे बक्षीसच जाहीर झाले म्हणायचे.

पण तीच माणसे पुन:पुन्हा भेटणार असतील तर हिशेब बदलतो. रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास हाच खेळ संगणकावर अनेकदा लागोपाठ खेळणाऱ्या प्रणालींची स्पर्धा भरवली. तीत अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेली, सर्वांत साध्या प्रणालींपैकी एक असलेली प्रणाली जिंकली. तिचे धोरण 'जशास तसे' असे होते : आरंभ सहकार्याने करायचा, आणि त्यानंतर समोरच्याने मागच्या वेळी जे केले तेच आपण करायचे. कादंबऱ्यांत कायमस्वरूपी गट तयार होतात, विश्वासघातक्याचे नाव इतर गटांत पसरते, जुने खेळाडू नवख्याला पहिल्याच फेरीत थोडी मदत करून पाहतात, हे सर्व याच धोरणाचे कथारूप आहे.

यातील एक बारकावा मला फार आवडतो. किती फेऱ्या उरल्या आहेत हे सर्वांना नेमके माहीत असेल, तर शेवटच्या फेरीत उद्याची भीती नसते आणि विश्वासघात पुन्हा फायद्याचा होतो. मग शेवटच्या आदल्या फेरीतही सावध राहण्याचे कारण उरत नाही, आणि ही कीड मागे मागे सरकत येते. म्हणून फेऱ्यांची संख्या आधीच जाहीर करणाऱ्या कादंबरीत शेवटाकडे जाताना गट फुटू लागले तर ती लेखकाने पात्रांवर केलेली जबरदस्ती समजू नये. एकत्र येणारी माणसे पाहायची असतील तर ज्यात फेऱ्यांचा अंत ठाऊक नसतो अशा कादंबऱ्या वाचाव्यात, असे सुचवतो.

प्रश्न : सहाशे प्रकरणे! हीच गोष्ट दोनशे पानांत सांगता आली नसती का?

सांगता आली असती, पण मग लेखकाचा चरितार्थ चालला नसता. छीदियनने २००३ मध्ये सुरुवातीची प्रकरणे मोफत आणि पुढची सशुल्क अशी पद्धत आणली आणि पुढे ती चिनी वेब साहित्यात सर्वत्र रूढ झाली. शुल्क दर हजार चिनी अक्षरांमागे काही फेन, म्हणजे युआनच्या शंभराव्या भागाच्या काही पटी, इतके नगण्य असते. त्यामुळे कमाई व्हायची तर अक्षरे लाखांत लिहावी लागतात आणि ती रोज लिहावी लागतात, कारण खंड पडला की वाचक दुसऱ्या मालिकेकडे वळतो. वृत्तपत्रांतून आणि मासिकांतून क्रमशः लिहिणाऱ्या जुन्या कादंबरीकारांनाही अशीच घाई असे, पण त्यांना आठवड्याची किंवा महिन्याची तरी उसंत मिळे.

सुटकेच्या खेळाचा साचा या अर्थव्यवहाराला विलक्षण मानवतो. प्रत्येक फेरी म्हणजे दहा-वीस प्रकरणांची स्वतंत्र कादंबरिका. एखादी फसली तरी पुढची नव्या जागेत, नव्या भुतासह सुरू होते, आणि रुसलेला वाचक परत येऊ शकतो. वाचकाच्या बाजूनेही यात एक सोय आहे. पहिल्या दोन फेऱ्या वाचून पाहाव्यात. दुसऱ्या फेरीचे कोडे पहिल्यापेक्षा वेगळ्या जातीचे असेल, म्हणजे पहिले शब्दांच्या अर्थावर सुटले आणि दुसरे जागेच्या रचनेवर किंवा काळाच्या क्रमावर सुटले, तर लेखकाच्या भात्यात बाण आहेत असे समजून पुढे जावे. दोन्ही ठिकाणी 'मृत मुलीची डायरी सापडली आणि सर्व उलगडले' असेच घडत असेल तर उरलेल्या पाचशे ऐंशी प्रकरणांतही डायऱ्याच सापडणार आहेत.

प्रश्न : कादंबरीत भुते खरी असतात, पण तिच्यावरून केलेल्या चिनी मालिकेत तो सारा संगणकावरचा आभासी खेळ निघतो. असे का?

चीनमध्ये पडद्यावरील आशयाला अंधश्रद्धेचा प्रसार न करण्याचे बंधन आहे, त्यामुळे खरे भूत दाखवणे कठीण असते आणि निर्माते त्याला स्वप्न, भास किंवा संगणकीय खेळ ठरवून मोकळे होतात. या प्रकारच्या कादंबऱ्या मुळातच खेळाच्या चौकटीत असल्याने हा बदल इतर भयकथांच्या मानाने कमी खटकतो. मात्र मृत्यू खरा आहे की केवळ पडद्यावरचा, हे संदिग्ध झाले की ताण ओसरतो, आणि तुम्हाला जाणवलेला फिकेपणा तोच असावा.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी या कादंबऱ्या वाचते. तिला थांबवू का?

सरसकट बंदी घालू नये. यांतील काही कादंबऱ्या प्रौढांसाठी असतात आणि देहाच्या विटंबनेची वर्णने त्यांत सढळपणे येतात, म्हणून ती वाचत असलेल्या कादंबरीची एक संपूर्ण फेरी तुम्ही स्वतः वाचावी आणि मगच ठरवावे. झोपेच्या वेळी वाचन नको, एवढा नियम मात्र आजपासून लावता येईल.

प्रश्न : मी स्वतः अशी कादंबरी लिहीत आहे. बारा फेऱ्यांचा आराखडा तयार आहे. बाराव्या फेरीत म्हातारा पहारेकरीच या खेळाचा चालक असल्याचे उघड होते. पण ज्या मित्रांना वाचायला दिले ते म्हणतात, शेवट पचत नाही. नेमके काय चुकते आहे?

तुम्ही पाठवलेला आराखडा वाचला. या प्रकारातील बहुतेक कादंबऱ्या शेवटालाच अडखळतात, तेव्हा तुम्ही चांगल्या संगतीत आहात. अडचण अशी की प्रत्येक फेरीचे कोडे सुटत असताना 'हा खेळ कोणी आणि का मांडला' हे एक मोठे कोडे शिल्लक राहते. बाराव्या फेरीत लेखक त्याचे उत्तर सांगून टाकतो. खेळाडूंना ते सोडवावे लागत नाही. अकरा फेऱ्या ज्या वाचकाला विचार करण्याची सवय लावली, त्याला शेवटी व्याख्यान ऐकावे लागते.

सोमदेवाच्या कथासरित्सागरात, म्हणजे अकराव्या शतकात, आलेली वेताळकथांची मालिका या दृष्टीने पुन्हा वाचून पाहा. राजा प्रत्येक कोड्याचे उत्तर देतो, म्हणून प्रत्येक वेळी प्रेत झाडावर परत जाते. शेवटचे कोडे असे येते की एका बापाने एका परक्या मुलीशी आणि त्याच्या मुलाने त्या मुलीच्या आईशी विवाह केला, तर त्यांच्या अपत्यांचे परस्परांशी नाते काय? याचे उत्तर राजाला खरोखरच सुचत नाही. तो गप्प राहतो, ठाऊक नसल्यामुळे त्याचे डोकेही फुटत नाही, आणि बोलला नसल्यामुळे प्रेतही निसटत नाही. पहिल्याच खेपेला सांगितलेला नियम शेवटपर्यंत तसाच आहे. त्यात एक फट होती आणि ती आरंभापासून सर्वांसमोर होती. त्यानंतर वेताळ राजाला सांगतो की ज्या भिक्षूसाठी तू हे प्रेत नेतो आहेस तो तुझाच बळी देणार आहे. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा 'तो कसा घालतात ते आधी तूच दाखव' असे म्हण. राजा तसे म्हणतो, भिक्षू जमिनीवर आडवा होतो आणि राजा त्याचे शिर उडवतो. खेळाचा चालक कोण, हे येथेही उशिराच कळते, पण तो भिक्षू कथेच्या पहिल्या प्रसंगापासून, रोज राजाला फळ देणारा म्हणून, हजर असतो.

तुमचा पहारेकरी पहिल्या दहा फेऱ्यांत कुठेही दिसत नाही. त्याला पहिल्याच फेरीत एखादे किरकोळ काम द्या : आत येणाऱ्यांची नावे वहीत उतरवण्याचे, किंवा संध्याकाळी कंदील लावण्याचे. त्या कामात अशी एक विसंगती ठेवा की जी पाहणाऱ्याला दिसेल पण खटकणार नाही; उदाहरणार्थ, खेळाडू सहा असताना वहीत तो नेहमी सात ओळी भरतो. मग बाराव्या फेरीतील त्याचे दीड प्रकरणाचे कबुलीजबाबाचे भाषण पूर्णपणे काढून टाका आणि ती सातवी ओळ कोणाची, हे नायिकेला वही हाती आल्यावर स्वतः ओळखू द्या. भाषण काढल्यावर तीन-चार ठिकाणी दुवे तुटतील, पण ते नवव्या आणि दहाव्या फेरीत जोडून घेण्याइतकी जागा तुमच्या आराखड्यात आहे.